माळ गळ्यात आणि खर्रा खिशात



या महिन्याचा पाठ आम्ही एका प्रश्नावरून घेतला आहे. गोंदिया जिल्ह्यात आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत कीर्तनाच्या निमित्ताने आमचे जाणे असते. कीर्तन आटोपते, आरती होते, लोक पाया पडून घरोघर जातात. आणि एखादा माळकरी मागे रेंगाळतो. मग हळूच विचारतो, "महाराज, माळ घातली, मटण सुटले, दारू सुटली; पण हा खर्रा काही सुटत नाही जी." हा प्रश्न आम्हांस एका गावी नव्हे, गावोगावी विचारला गेला आहे. विचारणारा मान खाली घालून विचारतो. वास्तविक त्याने लाजण्याचे कारण नाही. माळ गळ्यात आणि खर्रा खिशात असूनही ज्यास प्रश्नच पडत नाही, त्याची काळजी अधिक.

पंढरपूर-देहूकडील वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर एकत्र घेऊन घोटघोटून केलेला पदार्थ. आमच्या झाडीपट्टीत पानठेल्यापाशी उभे राहिले की घोटण्याचा आवाज कानी पडतोच. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण ठेल्यावरचे घोटणे काही थांबले नाही. पुरुष खातात, रोवणीच्या बांधीत वाकलेल्या बाया खातात, आणि आता शाळेच्या पोरांच्या दप्तरातही पुडी सापडते. पाहुणा आला की पाण्याच्या आधी खर्रा पुढे येतो. भजनाच्या मध्यंतरातही येतो! मृदंगावरची थाप थांबते न थांबते तो पुडी सुटते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले लिहीत आहोत.

काही चतुर माणसे विचारतात, "महाराज, तंबाखू खाऊ नये असे शास्त्रात कोठे लिहिले आहे?" बाबांनो, लिहिले नाही हे खरे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने मोजली आहेत, कामातून उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ. त्यांत मद्य आहे, द्यूत आहे, तंबाखू नाही. कसा असणार? तंबाखूचे झाड अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागले. अकबर बादशहाच्या दरबारात तंबाखू विजापूरहून गेली, ती १६०४ च्या सुमारास. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. जी वस्तू या देशात नव्हतीच तिचा निषेध माउलींनी कोठून करावा? तेव्हा शब्द शोधू नये, अर्थ पाहावा. 'व्यसन' हा शब्दच पाहा. 'वि' उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू. माणसास त्याच्या जागेवरून जे दूर फेकून देते ते व्यसन. संस्कृतात या शब्दाचा सरळ अर्थ संकट असाही होतो. मराठीत आपण तो सवयीपुरता वापरू लागलो, त्यामुळे त्यातले भय गेले.

आता दुसरा शब्द घेऊ, 'सुख'. याची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात, ती शेतकऱ्यास चटकन समजेल. 'ख' म्हणजे पोकळी, छिद्र. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यास मध्ये भोक असते, त्यात आस बसतो. ते भोक नीट असेल, त्यास वेळच्या वेळी वंगण असेल, तर गाडी सुखाने चालते. ते वाकडे झाले, कोरडे पडले, की चाक करकरते, बैल फेसाटतो आणि आत बसलेल्या माणसाची हाडे खिळखिळी होतात, ते 'दुःख'. रस्ता तोच, ओझे तेच, बैलही तेच. फरक तुंब्यात. हा अर्थ आम्हांस फार आवडतो. कारण सुख म्हणजे बाहेरून आणून तोंडात टाकावयाची वस्तू नव्हे, आपल्याच चाकाची निगा आहे, हे त्यातून कळते. आणि वंगण काय एकदा भरले की जन्मभर पुरते? नाही. ते नेमाने द्यावे लागते. तोच नित्यनेम.

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार केले आहेत. एक सुख आरंभी विषासारखे लागते आणि परिणामी अमृत होते. दुसरे आरंभी अमृत, परिणामी विष. तिसरे आरंभीही भुलविते आणि शेवटीही भुलविते. पण हे प्रकार सांगण्याच्या आधी भगवंत एक शब्द घालतात, त्याकडे वाचणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. तो शब्द 'अभ्यास'. अभ्यासाने ज्यात मन रमू लागते, असे ते सुख. म्हणजे चांगल्या गोष्टीत मन पहिल्या दिवशी रमणार नाही, हे देवाने आधीच कबूल करून ठेवले आहे. पहाटे चारला उठून काकड्यास जाणे पहिल्या आठवड्यात कोणास गोड लागले? डोळे चुरचुरतात, पाणी गार असते. पंधरा दिवसांनी तोच माणूस घंटेच्या आधी जागा होतो. खर्ऱ्याचे उलट. पहिल्या चिमटीला डोके हलके होते, तरतरी येते. आणि काही वर्षांनी तोंड उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, पाहा. जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर पुढच्या एकादशीची वाट न पाहता दवाखाना गाठा. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि त्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. एकटी सुपारीही निर्दोष नाही. "मी तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन आवरणे वारा आवरण्यासारखे कठीण आहे. त्यावर भगवंत त्यास रागावत नाहीत. कठीण आहे खरेच, असे म्हणून अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. आमची माणसे बहुधा वैराग्यापासून सुरुवात करतात. जोराने शपथ घेतात, पुडी गटारात फेकतात, आणि तिसऱ्या दिवशी ठेल्यावर उभी असतात! तिसऱ्याच दिवशी का, हे डॉक्टर सांगतात. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते, मेंदूस त्याची सवय जडते. ते मिळेनासे झाले की चिडचिड होते, झोप उडते, कामात चित्त लागत नाही. पहिले तीन दिवस त्रास चढता असतो. मग तो उतरू लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच निवतो. तलफ मात्र लाटेसारखी येते. एक लाट थोड्या मिनिटांची असते. ती अंगावरून जाऊ द्यावयाची, एवढेच त्या घटकेचे काम.

आता ती घटका कशी काढावी? खर्रा खाणाऱ्यास विचारा, तो केव्हा केव्हा खातो. पहाटे शौचास जाण्यापूर्वी, जेवण झाल्यावर, बांधीच्या धुऱ्यावर बसल्यावर, एस. टी. ची वाट पाहताना, आणि घरात वाद झाल्यावर. म्हणजे वेळा ठरलेल्या आहेत. व्यसन हाही एक नेमच आहे हो, चुकीच्या देवाचा! रिकामी झालेली वेळ रिकामी ठेवली तर जुने गिऱ्हाईक परत येणार. म्हणून प्रत्येक वेळेच्या ठिकाणी दुसरे काही तरी आधीच बसवून ठेवावे. पहाटे उठताच तांब्याभर पाणी आणि मुखमार्जन. जेवणानंतर गावाच्या वेशीपर्यंत चालून येणे. खिशात पुडीच्या जागी लवंग, वेलची, बडीशेप. धुऱ्यावर बसताना शेजाऱ्यास, "आज मी घेणार नाही," असे तोंडाने सांगून टाकणे. आणि संध्याकाळी हरिपाठ, तो मोठ्याने. मनातल्या मनात नव्हे. तोंडात खर्रा ठेवून हरिपाठ मोठ्याने म्हणताच येत नाही, करून पाहा. नामाचे माहात्म्य आपण नेहमी सांगतो, पण नाम तोंडानेच घ्यावयाचे आहे आणि ते तोंड कोणी तरी अडवून ठेवले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

सालेकसा बाजूचे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. धानाची शेती, वय पन्नासच्या घरात, गळ्यात माळ. त्यांनी कोजागिरीपासून काकड्याचा नेम धरला आणि त्याच दिवशी खर्रा ठेवला. दिवाळी नीट गेली. पुढे मंडई आली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे सोयरेधायरे, दंडार, नाटक, रात्रभराची जाग. तेथे बालमित्राने पुडी पुढे केली आणि यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी काकड्यासही गेले नाहीत. मग आमच्याकडे येऊन म्हणाले, "महाराज, नेम मोडला. आता माळ उतरवू का जी?"

आम्ही त्यांस बसविले. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घ काळ, खंड न पाडणे आणि आदर. लोक मधली तेवढी धरून बसतात आणि खंड पडला की सगळेच सोडून देतात. अलीकडे लंडनच्या एका विद्यापीठात ९६ माणसांची पाहणी झाली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकाने एक लहानशी नवी सवय रोज करावयाची होती. ती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस खाडा पडल्याने फारसे बिघडले नाही. अर्थात ती पाहणी सवय लावण्याची होती, तंबाखू सोडण्याची नव्हे, हा फरक आम्ही त्या गृहस्थांसही सांगितला. काकड्याचा एक खाडा देव पोटात घालील. खर्ऱ्याची एक पुडी मात्र दुसरीस बोलावते. म्हणून पडलेल्या दिवशीच उठावयाचे. सोमवार, एकादशी, पाडवा असा मुहूर्त पाहावयाचा नाही. माळ त्यांनी उतरविली नाही. त्या कार्तिकाचे राहिलेले दिवस काकड्यास गेले. पुढे आणखी एकदा, धान विकण्याच्या दिवसांत, पाय घसरला असे त्यांनीच सांगितले. आता दोन वर्षे झाली, पुडी नाही.

एकट्याने हे कठीण, चार जणांत सोपे. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हे ओळखले होते. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले, व्यसनांवर कडक बोलले. पण नुसते बोलून थांबले नाहीत. सामुदायिक प्रार्थना ठरल्या वेळी, पहाटे रामधून, गावाची सफाई, असा दिवसाचा क्रमच त्यांनी गावांस लावून दिला. संध्याकाळी ठरल्या वेळी प्रार्थनेस बसावयाचे असले की त्या वेळी माणूस गुत्त्यावर नसतो, इतके हे साधे आहे. गाडगेबाबा तर कीर्तनात श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. आम्हां कीर्तनकारांनी त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे की, व्यसनी माणसाची भर सभेत टवाळी करून हशा मिळतो, पण तो माणूस पुन्हा कीर्तनास येत नाही.

येथे एक गोष्ट फार जपून सांगावयाची आहे. खर्रा, विडी एकदम सोडली तर त्रास होतो, जिवास धोका सहसा नसतो. दारूचे तसे नाही. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी घोटाशिवाय थरथरतात, त्याने सप्ताहात माळ घालून त्याच क्षणी दारू तोडली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. मोहाची असो की दुकानची, नियम एकच. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, "बाहेरची बाधा झाली," आणि अंगारा लावीत बसतात. तसे करू नका. अशा माणसास माळ घालण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. औषधाच्या आधाराने दारू सुरक्षित सुटते. गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. औषध घेतले म्हणजे निष्ठा कमी पडली, असे कोणी म्हणेल तर त्याचे ऐकू नये. मोडलेल्या हातास फळी बांधतोच ना आपण?

आणखी एक. आमच्या जिल्ह्यात कित्येक घरांची चूल विडीवर चालली आहे. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून पुडकी बांधणाऱ्या आणि सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आयाबहिणींस कोणी पापी ठरवू नये. तो पोटाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कीर्तनात नाही.

भजनी मंडळांस मात्र आमची विनंती आहे. येत्या काकड्यापासून मंडळाच्या बैठकीत पुडी देणे-घेणे बंद करावे. मध्यंतराच्या ताटात पानसुपारीऐवजी बडीशेप, भाजलेले जवस आणि गुळाचा खडा ठेवावा. जो सोडतो आहे त्याच्या शेजारी जुना जोडीदार बसवू नये, मृदंगवाल्याजवळ बसवावे आणि टाळ द्यावेत. त्याचे दिवस मंडळाच्या वहीत कोणी तरी लिहीत जावे. खाडा पडला तर तोही लिहावा, आणि पुढचा दिवस त्याखालीच लिहावा, नव्या पानावर नको.