लिंकची देवाणघेवाण: भाच्याला पत्र

पुणे

चि. ओंकार यास,



तुझा मेल वाचला. वेबसाइट सुरू होऊन वर्ष होत आलं, फोटो सुरेख आहेत, खोल्यांची आणि जेवणाची माहिती नीट दिली आहेस, तरी ‘गुहागर होमस्टे’ असं शोधलं की आपलं घर तिसऱ्या पानावर सापडतं. त्यात सारखं कोणी ना कोणी लिहितं, ‘तुमच्या साइटवर आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो.’ पैसे कोणी मागत नाही, मग हो म्हणायला काय हरकत, असं तू विचारतोस.

माझी सगळी नोकरी साइट शोधात वर आणायच्या याच कामात गेली, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना नाही म्हणायचं आणि एखाद-दुसऱ्याला मनापासून हो. कोणाला काय, हे ठरवायला गूगलचे नियम पाठ करायची गरज नाही. ओटीवर चहा घेताना पाहुणा विचारतो, उद्या कुठे जाऊ, मासे कुठे चांगले मिळतील, आणि तू एक नाव सांगतोस. लिंक म्हणजे तेच सांगणं. त्या वेळी तुझ्या मनात पाहुण्याचा दिवस चांगला जावा एवढंच असतं. ज्याचं नाव घेतलं त्याने बदल्यात आपलं नाव घ्यावं, हा हिशेब नसतो. साइटवरही हाच क्रम ठेव. आधी वाचणाऱ्याचं भलं, मग आपलं.

लिंकला एवढी किंमत आली कशी, ते थोडं सांगते. सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची, त्यामुळे एकच शब्द पन्नास वेळा लिहिणारा सहज वर यायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी निराळा विचार केला. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचं वजन इतर किती निबंधांनी त्याचा हवाला दिला यावरून जोखायची रीत होती. यूजीन गारफिल्ड यांची हवाल्यांची मोठी सूची 1964 पासून निघत होती. पेज आणि ब्रिन यांनी तीच दृष्टी वेबवरच्या पानांना लावली आणि त्यातून पेजरँक आलं. ज्या पानाकडे लिंक्स येतात त्याला वजन मिळतं, वजनदार पानाकडून आलेली लिंक अधिक मोलाची ठरते, आणि प्रत्येक पान आपलं वजन बाहेर जाणाऱ्या लिंक्समध्ये वाटून टाकतं. म्हणजे दोनशे लिंक्सची यादी असलेल्या पानावर तुझं नाव लागलं, तर तुझ्या वाट्याला त्याचा दोनशेवा भाग.

त्यांच्या 1998 सालच्या निबंधात, ज्याच्या चार लेखकांत आपले राजीव मोटवानीही होते, एक अडचण मांडलेली आहे. दोन पानं फक्त एकमेकांकडेच बोट दाखवतात आणि बाहेरून एखादी लिंक त्यांतल्या एकाकडे येते, असं धर. मग गणिताच्या प्रत्येक फेरीत त्या दोघांच्या घेऱ्यात वजन साचत राहतं आणि बाहेर कोणालाच मिळत नाही. म्हणून त्यांनी गणितात एका कल्पित वाचकाची सोय केली: तो काही वेळा लिंक सोडून भलत्याच पानावर उडी मारतो, आणि घेरा फुटतो. लिंकची देवाणघेवाण हा नुसता धंद्याचा प्रकार होण्याआधीच गणिताच्या कागदावर तिची दखल घेतली गेली होती. ‘गूगलला कुठे कळणार आहे’ असं तुला जो कोणी सांगतो, त्याला हे ठाऊक नसतं.

पुढे 2000 साली गूगलने ब्राउझरच्या टूलबारमध्ये पेजरँक दाखवणारी हिरवी पट्टी दिली, शून्य ते दहा. तिथून बाजार भरला. आकडा दिसू लागला की त्याचा भाव ठरतो. पाच आकडा दाखवणाऱ्या साइटवरची लिंक इतक्याला, सहाची तितक्याला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी अदलाबदल धरली. साइटवर ‘आमचे मित्र’ नावाचं पान काढायचं आणि त्यात टायरवाले, दंतवैद्य, लग्नाचे हॉल, सगळे एका रांगेत लावायचे. हे उघड दिसतं म्हटल्यावर तिघांचा फेर सुरू झाला: मी तुला, तू त्याला, तो मला. गूगलने ती पट्टी 2016 मध्ये काढून घेतली, पण सवय गेली नाही. आज तुला येणाऱ्या मेलमध्ये ‘डीए 45’ असं काही लिहिलेलं असतं ना, तो आकडा म्हणजे मॉझ नावाच्या कंपनीने साइटच्या वजनाचा केलेला अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही. त्यावरून कोणाची लायकी ठरवू नकोस.

याचा शेवट कसा होतो त्याचं एक जाहीर उदाहरण सांगते. अमेरिकेतलं जे. सी. पेनी हे दुकानांचं मोठं जाळं. 2010 च्या नाताळच्या खरेदीत कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, हेच पहिलं दिसायचं. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खोलात जाऊन बघितलं, तर ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही अशा हजारो पानांवरून त्यांच्याकडे लिंक्स येत होत्या. गूगलने हाताने कारवाई केली आणि एका प्रवासी बॅगेच्या शोधात पहिल्या जागेवर असलेलं हे दुकान दोन तासांत एकाहत्तराव्या जागेवर गेलं. कंपनीने आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगून सल्लागारांना काढून टाकलं. तिच्याकडे रस्त्यारस्त्यांवर दुकानं होती, ती तरली. 24 एप्रिल 2012 ला गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशी जोखणी यंत्राकडे सोपवली, तेव्हा लहानांची मात्र फार वाताहत झाली.

त्या काळात एक फर्निचरवाले आमच्याकडे आले होते. कोणा एजन्सीने त्यांना वर्षभर लिंक्स जमवून दिल्या होत्या, आणि फोनची घंटा एका आठवड्यात थांबली होती. आम्ही यादी काढली आणि एकेका साइटच्या मालकाला लिंक काढा म्हणून पत्र लिहीत बसलो. काहींनी उत्तर दिलं नाही. काहींनी लिंक काढायचे पैसे मागितले. बाकीच्या लिंक्स गूगलच्या यंत्रात ‘या धरू नका’ म्हणून कळवल्या. दुकान पुन्हा दिसू लागायला कित्येक महिने लागले, आणि तोवर दोन सुतारांना त्यांनी रजा दिली होती. त्या दोघांनी लिंक या गोष्टीचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी एवढ्या कळकळीने लिहिते त्याचं कारण हे आहे.

आता परिस्थिती थोडी बदलली आहे, तेही सांगायला हवं. 2016 नंतर गूगल अशा बहुतेक लिंक्सकडे सरळ दुर्लक्ष करतं. म्हणजे शिक्षा होईलच असं नाही, पण घातलेली मेहनत पाण्यात जाते हे नक्की. फारच झालं तर हाताने कारवाई अजूनही होते, आणि तशी नोटीस गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटच्या मालकाला दिसते. महिन्यातून एकदा तिथे डोकावत जा. कोणा परक्या साइटने आपणहून तुझी लिंक लावलेली दिसली तर घाबरू नकोस, आणि ‘या धरू नका’वाल्या यंत्राला नोटीस नसताना हात लावू नकोस. आणि हेही लक्षात ठेव, गूगलच्या नियमात दोष धरला आहे तो अतिरेकी अदलाबदलीला. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचा उल्लेख करणं यात काहीच वावगं नाही.

म्हणून तू पाठवलेली पत्रं एकेक घेऊ. गाद्यांची कंपनी आणि कर्जाचं ॲप, दोघांना नकार. आपल्या घरी यायचं ठरवणाऱ्याला त्यांचं काय काम? मनालीचं हॉटेल म्हणतं, आपण दोघंही पर्यटनात. असू दे, पण कोकणात सुट्टी ठरवणारा माणूस तुझ्या पानावरून मनालीला जाणार नाही. नकार. पुण्याची ट्रॅव्हल कंपनी प्रत्येक पानाच्या तळाशी आपलं नाव मागते. माणसं चांगली असतील, तरी शंभर पानांच्या तळाशी लावलेलं नाव कोणी वाचण्यासाठी नसतं. त्यांच्या सहलीत आपल्याकडचा मुक्काम असेल, तर त्या एका ठिकाणी वाक्यात उल्लेख कर, पुरे.

दापोलीच्या होमस्टेवाल्याला तू स्पर्धक समजून उत्तरच दिलं नाहीस. मला वाटतं, सगळ्यांत आधी हो म्हणावं असा तोच आहे. गुहागरला दोन रात्री राहिलेलं कुटुंब धोपावेला गाडी फेरीबोटीत घालतं, दाभोळला उतरतं आणि दापोलीत पुढच्या दोन रात्री काढतं. त्यांना तिकडचं एक खात्रीचं घर हवं असतं. तिकडून येणाऱ्यांना आपलं हवं असतं. त्याच्याकडे एकदा जाऊन जेवून ये, खोल्या बघ, आणि पटलं तर फेरीबोटीची माहिती देतोस तिथेच त्याची लिंक दे. तो तुझी लावतो की नाही याची अट घालू नकोस. बहुधा लावेल.

ज्याच्याशी देवाणघेवाण करशील त्याची साइट आधी नीट वाच. शेवटचं नवं पान कधी लिहिलं आहे, मुखपृष्ठावरून तुझ्या लिंकच्या पानापर्यंत पोचता येतं का, ते पान गूगलमध्ये सापडतं का. काही जण लिंक लावतात आणि कोडमध्ये ‘नोफॉलो’ची खूण टाकतात, 2005 साली जाहिरातबाज लिंक्सना आळा घालायला निघालेली ती खूण आहे, तिने गूगलला कळतं की या लिंकची आम्ही हमी देत नाही. अशी लिंकही वाईट नसते, तिच्यावरून पाहुणा येतोच. पण समोरच्याने सांगितलं एक आणि केलं दुसरं, तर त्या माणसाची ओळख पटते. आणि वर्षातून एकदा आपल्या बाहेर जाणाऱ्या लिंक्स स्वतः उघडून बघ. एखाद्याने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही की तोच पत्ता जुगारवाले विकत घेतात, आणि आपल्या पानावरची लिंक पाहुण्याला तिथे नेऊन सोडते.

इन्स्टाग्रामवरची ती मुलगी दोन रात्री फुकट मुक्काम मागते आणि बदल्यात तिच्या साइटवर लिंक देते म्हणतोस, ते वेगळं प्रकरण आहे. ती जाहिरात आहे. जाहिरात करायला हरकत नाही, पण तिने ती जाहिरात म्हणून सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेने 2021 पासून तसे नियम केले आहेत, आणि फुकट मुक्कामही त्यात येतो. शिवाय गूगलसाठी लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ची खूण हवी. ती तयार नसेल तर खोली रिकामी राहिलेली बरी.

खरं काम मात्र याच्या पलीकडे आहे. कोणी न मागता तुझी लिंक का द्यावी, हा प्रश्न स्वतःला विचार. खोल्यांच्या फोटोंची लिंक कोणी देत नाही. पण हेदवीच्या बामणघळीत पाणी उंच उडताना बघायचं असेल तर भरतीच्या वेळी जावं लागतं, हे माहीत नसल्याने किती माणसं ओहोटीला जाऊन कोरडी परत येतात! महिन्याच्या भरतीच्या वेळा आणि कुठे उभं राहणं धोक्याचं, असं एक पान लिही. पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे, मुंबईहून महामार्गाने, किंवा दापोलीवरून फेरीबोटीने, या वाटांवर गाडीला कुठे त्रास होतो, पेट्रोल कुठे मिळतं, चिपळूण स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? अंजनवेलच्या गोपाळगडावर दादाने तुला लहानपणी बुरूज न् बुरूज दाखवला आहे, ते लिहून काढ. ट्रेकवाले, शाळांच्या सहली काढणारे, परदेशातून घरी येणारी आपली माणसं, सगळ्यांना अशी पानं लागतात, आणि एकदा उपयोगी पडलं की ते स्वतःहून दुसऱ्याला पाठवतात.

पान झालं की दहा-पंधरा योग्य माणसांना मराठीत साधं पत्र लिही. तुमच्या अमुक लेखात गोपाळगडाचा उल्लेख वाचला, मी तिथलाच, ही माहिती लिहिली आहे, उपयोगी वाटली तर जोडा. बदल्यात काही देऊ करू नकोस. न्याहारी-निवास योजनेत आपली नोंद आहे, तिथे वेबसाइटचा पत्ता देता येतो का तेही विचारून घे.

याला वेळ लागेल. या हंगामात फरक दिसणार नाही, कदाचित पुढच्याही नाही, आणि मधल्या काळात शेजारचा कोणी शंभर लिंक्स जमवून तुझ्या वर दिसेल. दिसू दे. तू भरतीच्या वेळांचं पान आधी घे आणि कच्चं झालं की मला पाठव, मी वाचून सुचवते. वहिनीला आणि दादाला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या