आगगाडीची उदाहरणे : नियमापूर्वी अनुभव

आगगाडीचे उदाहरण निघाले की "विरुद्ध दिशा असता वेगांची बेरीज, एकच दिशा असता वजाबाकी" हा नियम विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात. एका शाळाभेटीत एका मुलीने विचारले, "साहेब, दोन्ही गाड्या पुढेच जातात, मग वजाबाकी कशासाठी?" तिने आगगाडी कधी पाहिली नव्हती. मी शिक्षक असताना हाच नियम फळ्यावर लिहून मोकळा होत असे, याची त्या प्रश्नाने मला आठवण झाली. आम्ही वर्ग अंगणात नेला.

कृती : अंगणात एकेका पावलाच्या अंतरावर फक्कीच्या रेघा आखाव्यात. मुलांच्या दोन रांगा म्हणजे दोन गाड्या. एक ४ पावले लांब, दुसरी ६ पावले. शिक्षकांच्या प्रत्येक टाळीस पहिल्या रांगेने ३ व दुसरीने २ पावले चालावे. प्रथम रांगा समोरासमोरून शेजारून जाऊ द्याव्यात. पुढची मुले भेटल्यापासून मागची मुले सुटेपर्यंत ४ + ६ = १० पावले तोडावयाची असतात. दर टाळीस ५ पावले तुटतात, म्हणून २ टाळ्या पुरतात. नंतर एकाच दिशेने चालवावे. आता पहिली रांग दर टाळीस केवळ १ पाऊल अधिक सरकते. म्हणून १० टाळ्या लागतात. वजाबाकीचे कारण मुले आपणच सांगतात.

फळ्यावरील उदाहरण : ११० मीटर व १९० मीटर लांबीच्या गाड्यांचे वेग ताशी ५४ व ३६ किलोमीटर आहेत. त्या एकमेकींस किती वेळात ओलांडतील?

१ किलोमीटर म्हणजे १००० मीटर व १ तास म्हणजे ३६०० सेकंद. म्हणून ताशी किलोमीटरांस ५/१८ ने गुणावे. वेग सेकंदास १५ व १० मीटर आले. तोडावयाचे अंतर ११० + १९० = ३०० मीटर.
विरुद्ध दिशा : ३०० ÷ २५ = १२ सेकंद.
एकच दिशा : ३०० ÷ ५ = ६० सेकंद.
ताळा : १२ सेकंदांत गाड्या १८० व १२० मीटर जातात, बेरीज ३००. ६० सेकंदांत ९०० व ६०० मीटर जातात; फरक ३००.

नेहमीच्या चुका : एकाच गाडीची लांबी धरणे व एकके न बदलणे. खांब ओलांडताना गाडीचीच लांबी धरावी. फलाट ओलांडताना फलाटाचीही मिळवावी.

सरावासाठी : दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. या दोन टोकांहून ताशी ३६ व ३२ किलोमीटर वेगाने दोन गाड्या एकाच वेळी समोरासमोर निघाल्या असे मानल्यास त्या केव्हा भेटतील? (उत्तर : ३० मिनिटांनी.) येथे लांबी का धरली नाही, हे मुलांस अवश्य विचारावे.

उत्तर बरोबर आले तरी "का?" हा प्रश्न सोडू नये. पाठ केलेला नियम परीक्षेनंतर विसरतो. अंगणात चाललेली पावले विसरत नाहीत.