उसातली पिल्लं

ऊसतोड लागली की जुन्नर-नारायणगाव भागातून आम्हा प्राणिमित्रांना फोन सुरू होतात. ‘सरीत पिल्लं आहेत, आई दिसत नाही.’ बिबट्याची म्हणून धावावं, तर पुष्कळदा रानमांजराची निघतात. बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात, रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे, कान उंच. कुणाचीही असोत, मी आधी विचारतो, आई मेलेली कुणी पाहिली का? पाहिली नसेल तर पिल्लांना पोरकी म्हणू नका. कोयत्याच्या आवाजाने ती शेजारच्या फडात दडलेली असते.

पिल्लं त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवायची, तोड दुसऱ्या अंगाला वळवायची आणि दिवेलागणीआधी माणसं हटवायची. बिबट्याच्या बछड्यांची पशुवैद्यांकडून तपासणी करून, कॅमेरा लावून वनविभागही हेच करतो. आई रात्री येऊन एकेकाला तोंडात धरून नेते. अवघड असतं ते बघ्यांना घरी धाडणं!

एका वस्तीवरचं रानमांजराचं पिल्लू आम्हाला फार उशिरा कळलं. पोरांच्या मांडीवर वाढलेलं. गाईच्या दुधाने अशी पिल्लं हगवणीने जातात, उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात उतरतं. हे त्यातून तगलं. वनविभागाच्या पिंजऱ्यात उंदीर मारायलाही शिकलं. पण मोटारसायकल वाजली की जाळीशी येऊन उभं राही, कुत्र्यालाही बिचकत नसे. असं जनावर सोडायचं कुठे? ते पिंजऱ्यातच राहिलं. त्या घरची माया खरी होती, म्हणून तर अधिक वाईट वाटतं.

पिल्लू खरंच पोरकं असेल तर खोक्यात कापड घाला, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. गारठलेल्या पिल्लाला काही पाजू नका. १९२६ वर वनविभागाला कळवा. पुढचं संगोपन जाणत्यांचं काम. तिथेही शक्यतो एकाच माणसाने, न बोलता खाऊ घालायचं, भावंडं एकत्र ठेवायची. नंतर रानातच जाळीचं आवार करून दार उघडायचं आणि काही काळ आत खाणं ठेवत राहायचं.

‘कळवलं तर केस होईल’ ही भीती बऱ्याच जणांना असते. कळवणं गुन्हा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे तो घरात पाळण्याचा. मुळात ही वेळच येऊ नये म्हणून लक्षात ठेवा, तोड पुढे सरकते तसं जनावर उरलेल्या उसात सरकतं. तेव्हा शेवटचा पट्टा तोडायच्या आधी टोळीच्या मुकादमाशी बोलून घ्या.