पॉमला क्रॉस करायचंय? आधी गुडघा, मग हिशेब

पॉम दीड-दोन वर्षांची झाली की घरात विषय निघतोच. कुणी म्हणतं, ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं.’ शेजारच्यांना एक पिल्लू हवं असतं आणि नर असलेलं कुटुंब ओळखीचं निघतं. अडचण एकच: डॉक्टर म्हणालेत, ‘मागच्या पायाची वाटी थोडी सरकते, पण काळजीचं नाही.’ मग क्रॉस करावं का? हा हिशेब तब्येत, कायदा आणि पैसा अशा तिन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

दुखणं नेमकं काय आहे?

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वरखाली सरकत असते. पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत ही खाच बऱ्याचदा उथळ असते, त्यामुळे वाटी आतल्या बाजूला निसटते. घरात ते असं दिसतं: कुत्री सोफ्यावरून फरशीवर उडी मारते, चार पावलं मागचा एक पाय वर धरून लंगडी घालते, पाय मागे झटकते आणि काही झालंच नाही अशी पळू लागते. तेवढ्यात वाटी जागेवर आलेली असते.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी अंगठ्याने ढकलली तर निसटते आणि सोडली की परत येते. दुसरीत ती अधूनमधून आपोआप निसटते आणि पाय सरळ केला की बसते. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवली तरच बसते. चौथीत ती हातानेही बसत नाही.

‘काळजीचं नाही’ हे डॉक्टरांचं म्हणणं या कुत्रीपुरतं असतं. वजन आटोक्यात ठेवलं, घसरत्या फरशीवर चटया टाकल्या तर पहिल्या पायरीची कुत्री सुखाने म्हातारी होते. पण हा दोष बहुतांशी आनुवंशिक आहे आणि तो एकाच जनुकावर अवलंबून नाही. आईची पहिली पायरी म्हणजे पिल्लांचीही पहिलीच, असं होत नाही. एखाद्या पिल्लाची तिसरी निघू शकते. शस्त्रक्रिया करून आईचा गुडघा दुरुस्त केला तरी पिल्लांना जे द्यायचं ते ती देणारच.

क्रॉसच्या आधी काय तपासाल?

- वय किमान एक वर्ष पूर्ण झाल्यावर दोन्ही गुडघ्यांची हाताने तपासणी, आणि पायरी लिहिलेला कागद.
- नराच्या गुडघ्यांचा तसाच कागद. तो दाखवायला नराचा मालक का-कू करत असेल, तर तिथेच थांबा.
- कुत्रीच्या सख्ख्या भावंडांची चौकशी. त्यांच्यापैकी कुणी लंगडत असेल तर दोष घराण्यात आहे.

केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, गुडघ्याची हमी देत नाही. शिवाय आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून वाढणारी कितीतरी कुत्री इंडियन स्पिट्झ असतात आणि त्यांना कागदच नसतो. अशा वेळी भावंडं शोधणार कुठे?

खर्च किती?

पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांसाठी हा ढोबळ अंदाज. आपल्या डॉक्टरांकडून लेखी आकडा घ्याच.

- तपासणी: 500 ते 800 रुपये
- गुडघ्यांचे एक्स-रे: 1,500 ते 2,500
- रक्ततपासणी: 1,500 ते 2,500
- मेटिंगचा दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉनची तपासणी, दोनदा: 3,000 ते 5,000
- सोनोग्राफी: 1,200 ते 2,000
- शेवटच्या आठवड्यात पिल्लं मोजायला एक्स-रे: 1,000 ते 1,500
- वाढीव खाणं: 3,000 ते 5,000
- तीन पिल्लांचे जंताचे डोस, पहिली लस, मायक्रोचिप: 6,000 ते 9,000

बेरीज साधारण 18 ते 28 हजार. नराची फी, नाहीतर रिवाजाप्रमाणे एक पिल्लू, वेगळं.

लहान जातीत पिल्लं एक ते तीनच होतात आणि आईच्या मानाने त्यांचं डोकं मोठं असलं तर बाळंतपण अडतं. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. सिझेरियनचे 15 ते 35 हजार धरा. रात्रीचे दर आणखी चढे असतात. म्हणजे एकूण आकडा 33 ते 63 हजारांवर जातो. विकायला असतात फार तर दोन-तीन पिल्लं, तीही कागदांशिवाय.

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत लहान कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं. ती थरथरते, धापा टाकते, पाय ताठ होतात. ही तातडीची वेळ आहे. ‘गाभण आहे, ताकद हवी’ म्हणून आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. त्याने हाच धोका वाढतो.

आणि जे बिल तुमच्याकडे येत नाही तेही मोजा. एखाद्या पिल्लाची तिसरी पायरी निघाली तर एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला साधारण 35 ते 70 हजार लागतात. ते भरणार पिल्लू घेणारं कुटुंब, म्हणजे बहुधा तुमचे शेजारीच.

कायदा

विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यांना 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी किमान 18 महिन्यांची आणि पशुवैद्यांनी निरोगी ठरवलेली हवी. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

मग ठरवायचं कसं?

दुसरी, तिसरी किंवा चौथी पायरी असेल तर क्रॉस करू नका. पहिली असेल आणि घरात फक्त हौस असेल तरीही उत्तर ‘नको’ हेच. करायचंच तर वंशावळ माहीत असलेल्या, दोन्ही गुडघे निर्दोष असलेल्या नराशी, अनुभवी ब्रीडर आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने, एवढीच वाट उरते. ती बहुतेक घरांसाठी नाही. नराचा एक वृषण खाली उतरलेला नसेल किंवा हृदयात मर्मर ऐकू येत असेल, तर तिथेही क्रॉसचा विचार सोडा.

‘एकदा तरी पिल्लं’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट गर्भाशय काढलं की त्यात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. लहान कुत्रीच्या या शस्त्रक्रियेला खासगीत साधारण 6 ते 15 हजार लागतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी खर्चाची चौकशी करून बघा, तिथे तो बराच कमी पडू शकतो. गुडघा दाखवायला जाल तेव्हाच गर्भाशय काढण्याची तारीखही विचारून घ्या. पाळी नुकतीच होऊन गेली असेल तर डॉक्टर साधारण दोन-तीन महिने थांबायला सांगतील. आणि शेजाऱ्यांना पिल्लूच हवं असेल, तर त्यांच्यासोबत जाऊन त्या पिल्लाच्या आईबापांच्या गुडघ्यांचे कागद मागा.