इंद्रवज्र आणि अमानित्व

आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय १३, ज्ञानाची लक्षणं.

ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत पहिलं नाव घेतात ते अमानित्वाचं. विद्वत्ता नाही, ध्यान नाही, तर मानाची हाव नसणं. माउली इथे बराच वेळ थांबतात. शिकाऱ्यांनी घेरलेलं हरीण जसं कासावीस होतं, तसा हा माणूस कुणी सन्मान केला की कासावीस होतो, असा दृष्टान्त देतात. चार लोकांत हे लगेच कळतं. पण माणूस अगदी एकटा असेल तर? तिथे मान द्यायला कोण आहे?

यासाठी आज एक डोंगर घेऊ. स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस, उंची १३४५ मीटर. ब्रिटनमधला सर्वांत उंच, तरी आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनी बुटकाच. पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि हिवाळ्यात माथा बर्फाखाली असतो. एखाद्या दिवशी वारा पडतो, ढग खाली दरीतच साचून राहतात आणि वर लख्ख ऊन. अशा दिवशी एकटा चालणारा कड्याजवळ येतो, सूर्य पाठीशी असतो, आणि खालच्या ढगावर त्याला स्वतःची सावली दिसते. तिच्या डोक्याभोवती रंगीत वलयं. देवाच्या मूर्तीमागे असते तशी प्रभावळच म्हणा ना!

आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात ते दिसतं. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी त्याची नोंद केली होती. बेन नेव्हिसच्या माथ्यावर तेव्हा हवामानाची वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबरात तिथे काही दिवस कामाला गेलेल्या सी. टी. आर. विल्सन यांना ही वलयं दिसली. असं धुकं प्रयोगशाळेत तयार करता येईल का, या प्रयत्नातून पुढे त्यांचा क्लाउड चेंबर तयार झाला आणि १९२७ मध्ये नोबेल मिळालं.

यातली खरी गंमत अशी: वलयाचं केंद्र नेहमी सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला, म्हणजे बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीवर असतं. दोघं शेजारी उभे राहिले तर सावल्या दोन्ही दिसतात, पण प्रत्येकाला प्रभावळ फक्त आपल्याच डोक्याभोवती. सोबत कुणी असेल तर तो लगेच म्हणतो, "अरे, तुझ्या नाही, माझ्या डोक्याभोवती आहे!" आणि दोघंही हसतात. एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं. (आमच्या धंद्यात कोडवर दुसऱ्याची नजर फिरल्याशिवाय ते पुढे जात नाही. इथे ती सोय नाही.)

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. इथे जिवाशी गाठ असते. वाऱ्याने वाहून आलेला बर्फ उत्तरेकडच्या कड्यांवर छज्जासारखा पुढे वाढतो. वरून पाहिलं तर ती सपाट जमीनच वाटते, पण खाली आधार नसतो, आणि तो तुटतो तेव्हा कडेपासून बराच आतूनही तुटू शकतो. चांगल्या उन्हात, चांगलं दृश्य बघायला, माणूस नेमका तिकडेच सरकतो. धुकं आलं तर माथ्यावरून उतरताना नकाशाच्या उत्तरेपासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर, असं मोजून चालावं लागतं. दोन्ही बाजूंना घळी आहेत.

वादळात परत फिरणं त्या मानाने सोपं. "हवा खराब होती" म्हणता येतं. निरभ्र दिवशी, माथा समोर दिसत असताना, पाय थकलेत किंवा वेळ संपली म्हणून मागे वळायचं, तर दोष द्यायला हवामान उरत नाही. मला वाटतं, एकट्या माणसाचं अमानित्व तपासायला याहून चांगली जागा नाही.

म्हणून हिशोब खालीच करायचा. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे नेहमीच्या वाटेने वर जायलाच पावणेचार तासांच्या आसपास, तेही बर्फ नसताना. डिसेंबरात तिथला दिवस सात तासांहूनही लहान. तेव्हा कुठे असलो तरी किती वाजता वळायचं ते पायथ्याशीच ठरवावं, कागदावर लिहावं आणि तो कागद खाली कुणाजवळ तरी देऊन निघावं.