चाकणला येण्याआधी

चि. गणेश यास,


ताईचा फोन आला होता. दहावीचा निकाल लागला, आता चाकणच गाठतो म्हणतोस. आणि दाजींनी मुकादमाला तुझ्या नावाची उचल घ्यायला साफ नकार दिला म्हणे. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला, अर्धा कोयता, म्हणजे एक माणूस, वाढला की उचल किती वाढते, हे कुणी सांगायला नको. अंगावरची उचल अजून फिटायची असताना ते नाही म्हणाले.

म्हणून तर जीव तुटतो. मुकादमाच्या हातून सुटून ठेकेदाराच्या हाती लागू नकोस. चाकणभोवती खराबवाडी, महाळुंगे, जिकडे जाशील तिकडे एकेका खोलीत पाच-सहा पोरं. 240 दिवस भरून पर्मनंट मागता येऊ नये म्हणून सहा-सात महिन्यांत 'ब्रेक' देतात, की पुन्हा बायोडाटा घेऊन गेटवर उभं राहायचं. दाजींच्या मनात अजून जुनी पिंपरी आहे. 1962 ला एमआयडीसी झाली, टेल्को आली, बजाज आली. तेव्हाची माणसं पर्मनंट झाली, निगडी प्राधिकरणात घरं बांधून बसली. आता तसं होत नाही, हे त्यांना गोड बोलून पण खरं सांग.

तुला अजून अठरा पुरी नाहीत. कुणी आधारवर वय वाढवून देतो म्हणाला, तर तिथूनच माघारी फिर. आधी आयटीआय. बीडला नंबर लागला तर बरंच, नाहीतर इथं पिंपरीत मोरवाडीला महापालिकेचं आहे, राहायला मी आहेच. वेल्डर वर्षात होतो, पण त्या घाईनं घेऊ नकोस. फिटर किंवा मशिनिस्टला दोन वर्षं जाऊ देत. मग अप्रेंटिस. स्टायपेंड तुटपुंजा असतो, पण ते सर्टिफिकेट ठेकेदार बदलला तरी तुझंच राहतं.

आणि प्रेस शॉपचं ऐक. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, अशी सोय मशीनवर असते. नग जास्त निघावेत म्हणून एक बटण टेप लावून दाबून ठेवतात. मग मोकळा हात डायमध्ये जातो. अशा बोटं गेलेल्या पोरांबरोबर मी रोज चहा पितो. टेप दिसली तर मशीनला हात लावू नकोस. सुपरवायझर ओरडेल, ओरडू दे.

पुढं नोकरी लागली की पगारातून पीएफचे 12 टक्के कापतील. ते खात्यात पडले का, दर महिन्याला मोबाईलवर बघ. नव्या ठेकेदाराला पीएफचा नवा नंबर, यूएएन, काढू देऊ नकोस, जुनाच सांग. त्या फेऱ्यात कित्येकांचे पैसे अडकलेत.

मूळ मार्कशीट कुणापाशी ठेवू नकोस, झेरॉक्स दे. आयटीआयच्या फॉर्मची तारीख बघून मला फोन कर. फीचे पैसे मी पाठवतो; त्यासाठी दाजींना कुणापुढं हात पसरू देऊ नकोस.

तुझा,
मामा