भिंतीस चुना देणें

पर्जन्यकाळ संपून आश्विनाचें ऊन पडूं लागलें म्हणजे महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत झाडलोट सुरू होते. माळ्यावरचीं भांडीं खालीं येतात, गाद्यांना ऊन दाखविलें जातें, आणि दसरा-दिवाळीच्या आधीं भिंतींना चुना किंवा रंग द्यावा अशी बोलणीं निघतात. खर्चाचा अंदाज ऐकून पुष्कळदां "पुढल्या वर्षीं पाहूं" असा निकाल होतो व भिंत आणखी एक वर्ष काळवंडते. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, एका खोलीस चुना देणें हें काम दोन वडील माणसें व एकदोन शाळकरी मुलें यांच्या आटोक्यांतील आहे. मात्र त्या कामामागील कारणें समजून घेतलीं पाहिजेत.

चुना लावणें हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत फसविणें या अर्थीं रूढ आहे. भिंतीची परीक्षा न करितां तिच्यावर चुना फांसला, तर तो अर्थ अक्षरशः खरा होतो. आणि फसतो तो घरमालकच. उलट भिंत ओळखून, तिची तयारी करून दिलेला चुना हा स्वस्त, थंड व आरोग्यदायक असतो.

चुना म्हणजे काय?

बाजारांत मिळणारा चुना हा मूळचा दगड आहे. चुनखडीचा दगड भट्टींत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजला म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना शिल्लक राहतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो वायु उडून जातो व ५६ किलो कळी राहते. भाजतांना वायु निघून गेल्यामुळेंच चुनखडीचें वजन घटतें, हें जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १७५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखविलें. या कळीवर पाणी घातलें कीं ती तापते, तडकते, वाफा सोडते आणि फुलून तिचें पीठ होतें. ५६ किलो कळी १८ किलो पाणी आपल्यांत सामावून घेते व ७४ किलो विरलेला चुना तयार होतो.

हा विरलेला चुना पाण्यांत कालवून भिंतीवर लाविला म्हणजे तो नुसता वाळत नाहीं. हवेंतील कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू परत घेतो, पाणी सोडून देतो, आणि पुनः चुनखडी बनतो. भट्टींत दगडानें जे ४४ किलो गमावले, तेच त्याला भिंतीवर परत मिळतात. चुना दिलेल्या भिंतीवर जो थर बसतो तो दगडाचाच असतो, तो असा. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां निवळी दुधाळ होते, हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं वर्गांत पाहिलाच असेल. तोच प्रयोग भिंतीवर कित्येक दिवस चाललेला असतो.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा कीं, चुन्याच्या प्रत्येक थराला हवा पोंचली पाहिजे. यास्तव एक जाड थर देण्यापेक्षां तीन पातळ हात द्यावे. दुसरा असा कीं, ही क्रिया ओलाव्यावांचून होत नाहीं. यास्तव चुना घाईनें वाळूं देऊं नये. तापलेल्या कोरड्या भिंतीवर दिलेला चुना पीठ होऊन अंगास व कपड्यांस लागतो, त्याचें कारण हेंच होय.

भिंतीची परीक्षा

प्रथम भिंतीवर ओंजळभर पाणी शिंपडावें. पाणी आंत जिरलें तर भिंत चुन्यास योग्य आहे. पाणी थेंब होऊन ओघळलें, तर तिच्यावर तेलाचा किंवा हल्लींचा प्लॅस्टिक रंग आहे असें समजावें. अशा रंगावर चुना धरत नाहीं; तो थोड्याच दिवसांत सुटतो. तेथें चुन्याचा हट्ट न धरतां त्याच जातीचा रंग द्यावा हें उत्तम.

दुसरी परीक्षा ओलीची. भिंतीच्या तळाशीं पांढरा, खारट लोणा फुटलेला असेल, तर जमिनींतील पाणी भिंतींतून वर चढत आहे व क्षार मागें ठेवून उडून जात आहे असें जाणावें. वरच्या कोपऱ्यांत डाग असेल, तर कौल फुटलें आहे किंवा पन्हळ तुंबली आहे. कोणताहि रंग ओलीचा उपाय नव्हे. प्रथम कौल बदलावें, पन्हळ मोकळी करावी, भिंतीलगतचें पाणी दूर काढून द्यावें. मग रंगाचा विचार. जुन्या दगडविटांच्या घरांत चुन्याचा एक मोठा गुण दिसून येतो. त्याचा थर सच्छिद्र असल्यामुळें भिंतींतील ओलावा बाहेर पडूं शकतो. त्याच भिंतीस तेलाचा रंग दिला तर ओलावा आंत कोंडतो, फोड येतात व रंगाबरोबर गिलाव्याचेहि तुकडे निघतात.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची असून ती पालकांसाठीं आहे. जुन्या घरांच्या दारांखिडक्यांवरील तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. शिशाचें विष लहान मुलांच्या मेंदूस फार अपाय करितें, व तें शरीरांत थोडें थोडें सांचत जातें. हा धोका नवा नाहीं. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें पांढऱ्या शिशाच्या रंगाविषयीं करार केला व त्या रंगाच्या धंदेवाईक कामावर स्त्रियांस व अठरा वर्षांखालील मुलांस ठेवूं नये असें ठरविलें. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. म्हणून त्यापूर्वींचे तेलरंग कोरडे खरवडूं नयेत, पॉलिशकागदानें घांसूं नयेत व जाळून काढूं नयेत. त्याची धूळ घरभर पसरते. असा रंग शाबूत असेल तर त्याला हात न लावणें बरें. सुटत असेल तर तें काम जाणत्या माणसाकडून, ओलें करून, मुलांना दूर ठेवून करवावें.

भिंतीची तयारी

सामान बाहेर काढावें, उरलेलें झांकावें. जाळीं झाडावींत. चुन्याचे जुने सुटे पापुद्रे पाणी मारून पत्र्याच्या तुकड्यानें खरवडावेत. खिळ्यांचीं भोकें व भेगा चुना आणि बारीक वाळू यांच्या लगद्यानें बुजवून ओल्या हातानें सारख्या कराव्या व वाळूं द्याव्या. मग ओल्या फडक्यानें सर्व भिंत पुसावी. या तयारींत पहिला दिवस जातो. दिवस फुकट गेला असें मुलांस वाटेल; परंतु चुन्याचें आयुष्य याच दिवशीं ठरतें.

चुना कालविणें

हें काम मुलांचें नव्हे. कळीचा चुना विरवितांना पाणी उकळतें व चुन्याचे शिंतोडे उडतात. वडील माणसानें डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे घालून, उघड्या जागीं, पत्र्याच्या पिंपांत आधीं पाणी घेऊन त्यांत कळी थोडी थोडी सोडावी. एक किलो कळीस सुमारें पांच लिटर पाणी पुरतें. मिश्रण चोवीस तास झांकून ठेवावें व मग जाड्याभरड्या कापडांतून गाळावें. दर लिटरास चार ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून त्यांत मिसळावा, म्हणजे चुना अंगास लागत नाहीं. पांढरेपणावर पिवळट छटा येऊं नये म्हणून थोडी नीळ घालतात. दर किलो चुन्यास तीन ग्रॅमपेक्षां अधिक नको. ज्यांस विरविण्याची दगदग नको त्यांनीं तयार विरलेली भुकटी आणावी. परंतु चष्मा व मोजे तेव्हांहि हवेतच.

चुना पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. एका लिटरांत दोन ग्रॅमहि नाहीं. बाकीचा नुसता तरंगत असतो व खालीं बसतो. म्हणून काम चालू असतां बादली वारंवार ढवळीत राहिलें पाहिजे, नाहीं तर आरंभीं दाट व शेवटीं नुसतें पाणी असा प्रकार होतो.

किती चुना लागेल?

विद्यार्थ्यांनीं येथें वहीपेन्सिल घ्यावी. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे असें समजा. चारी भिंतींची लांबी मिळून ४४ फूट व क्षेत्रफळ ४४० चौरस फूट झालें. त्यांतून ७ फूट उंच व ३ फूट रुंद असें एक दार आणि ४ फुटांच्या व ३ फुटांच्या बाजू असलेल्या दोन खिडक्या, मिळून ४५ चौरस फूट वजा केले म्हणजे ३९५ उरतात. तीन हातांचे ११८५ झाले. आतां एक लिटर चुना मोजून घ्यावा, भिंतीवर लावून पाहावा आणि किती जागा झांकली तें फुटपट्टीनें मोजावें. पुढें त्रैराशिक सोपें आहे. पहिला हात भिंत अधिक पिते, म्हणून थोडा जास्त चुना धरावा.

हात कसे द्यावे?

सकाळीं भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. भिंत ओलसर असावी, पाणी ओघळतां कामा नये. वरून आरंभ करून खालीं यावें. एकाच जागेवर कुंचला प्रथम वरून खालीं, मग खालून वर, नंतर उजवीकडून डावीकडे व शेवटीं डावीकडून उजवीकडे फिरवावा. असे चार फेर मिळून एक हात होतो. ओला असतांना चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो व "कांहींच झालें नाहीं" असें वाटून मुलें आणखी थापूं लागतात. तसें करूं नये. वाळतांवाळतां तो आपोआप पांढरा होत जातो. एक हात पुरा वाळल्यावर, म्हणजे शक्यतों दुसऱ्या दिवशीं, पुढचा हात द्यावा. पंखा बंद ठेवावा.

चुन्यांत रंग

पांढरें नको असेल तर मातीचे रंग मिसळावे. पिवळी माती व गेरू हे चुन्यांत टिकतात, कारण ते लोखंडाच्या गंजाचेच प्रकार आहेत व क्षारानें बदलत नाहींत. अजिंठ्याच्या चित्रांतहि याच तांबड्या व पिवळ्या मात्या आहेत. हळद मात्र चुन्यांत घालून पाहा: ती क्षणांत लाल होते. हळदीवर चुन्याची क्रिया करूनच पूर्वापार कुंकू होत आलें आहे. पिवळ्या भिंतीच्या कामीं ती निरुपयोगी होय. रंग मिसळलेला चुना एका भिंतीस पुरेल इतका एकदमच कालवावा, कारण दुसऱ्यांदां तीच छटा साधणें कठीण. भिंतीच्या तळाशीं फूटभर उंच गेरूची पट्टी द्यावी. केरसुणीचे व पायांचे डाग तिच्यांत लपतात आणि खोलीस शोभा येते. सरळ रेघेसाठीं दोरी गेरूंत बुडवून ताणून धरावी व मधोमध उचलून सोडावी. हें काम मुलांच्या विशेष आवडीचें आहे.

डोळे सांभाळा

चुना क्षारधर्मी आहे. म्हणून त्यावर बुरशी वाढत नाहीं, व म्हणूनच तो डोळ्यांचा वैरी आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबतांना ती फुटून मुलांचे डोळे अधू झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांस ठाऊक आहेत. छतास चुना देण्याचें काम मुलांस सांगूं नये, व खालीं उभें राहून वर पाहूं देऊं नये. चुना डोळ्यांत गेलाच तर क्षणाचाहि विलंब न करितां पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेनें निदान वीस मिनिटें डोळा धुवावा व तडक डॉक्टर गांठावा. तेल, तूप, लिंबू यांपैकीं कांहीं घालूं नये, डोळा चोळूं नये. कामास हात घालण्यापूर्वींच पाण्याची भरलेली घागर खोलींत ठेवावी.

शेवटची गोष्ट

आपल्यांतील कित्येक सुखवस्तु घरांत कुंचला हातीं धरणें हें कमीपणाचें मानतात. मुलानें अभ्यास करावा, भिंती रंगाऱ्यानें रंगवाव्या, अशी समजूत असते. परंतु वर आलेल्या क्षेत्रफळ, त्रैराशिक, रसायन व ओलीचें शास्त्र या गोष्टी मुलें पुस्तकांतच शिकतात ना? त्यांचा उपयोग भिंतीपाशीं होतो, आणि एक दिवस कुंचला फिरविल्यावर रंगाऱ्याचा खांदा संध्याकाळीं कां भरून येतो हेंहि कळतें. त्यानंतर त्याच्याशीं मजुरीची घासाघीस करतांना जीभ जरा अडखळते. हा लाभ लहान नव्हे.

काम संपल्यावर मुलांनीं वहींत तारीख, चुन्याचें वजन, पाणी, झालेला खर्च व कोणत्या भिंतीस ओल होती तें लिहून ठेवावें. पुढल्या आश्विनांत ती वही उघडून भिंतीपुढें उभें राहावें. चुना कोठें टिकला, कोठें सुटला व कां सुटला, हें भिंतच सांगेल; आणि दुसऱ्या वर्षाचें काम पहिल्यापेक्षां चांगलें होईल.